जुनी डिझेल गाडी घेऊन उभी करायची तर: आधी कागद, मग चासी, शेवटी इंजिन

जुनी डिझेल गाडी पाहायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडतो आणि म्हणतो, "मारा बरं सेल्फ." माझं सांगणं उलटं आहे. आधी कागद पाहा, मग चासी म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा पाहा, इंजिन सगळ्यात शेवटी. इंजिन पुसदला बांधून मिळतं, वणीला मिळतं, परतवाड्यालाही मिळतं. लेथवाला, पंपवाला आणि बोअर-पिस्टन बसवणारा मिस्त्री आपल्या विदर्भात अजून टिकून आहे. पण मेलेल्या माणसाच्या नावावर अडकलेली आरसी आणि खतानं खाल्लेली चासी यांना कोणताच मिस्त्री उभी करू शकत नाही.

कोणती गाडी पाहावी

संगणकाशिवाय चालणारं, साध्या पंप-नोजलचं (पंप दाब देतो, नोजल डिझेलचा फवारा मारतं) इंजिन घ्या. कॉमन रेल गाडीत प्रेशर फार मोठं असतं, सेन्सर असतात, आणि बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. गावाकडे ती गाडी चालवता येते, पण घरी शिकत-शिकत दुरुस्त करायला ती योग्य नाही.

पहिल्याच प्रकल्पासाठी माझी पसंती २,५२३ सीसी डीआय (थेट सिलिंडरमध्ये डिझेल उडवणाऱ्या) इंजिनच्या बोलेरोला. बोलेरो २००० साली आली, आणि आपल्याकडे इतकी खपली की क्लच प्लेटपासून दरवाज्याच्या हँडलपर्यंत सगळं तालुक्याला मिळतं. दुसरी टाटा सुमो, १९९४ ची मूळ रचना. दणकट आहे, पण बऱ्याच सुमो काळी-पिवळी म्हणून खूप राबलेल्या असतात. कमी पैशात घरची गाडी हवी असेल तर १,४०५ सीसीची डिझेल इंडिका चांगली. तिचं नाजूक ठिकाण पुढे सांगतो. महिंद्राच्या एमएम ५४० आणि तसल्या जीपवर आपल्या पोरांचा फार जीव, पण पहिल्या खेपेला त्यांच्या वाटेला जाऊ नका. शौकापायी भाव वर गेले आहेत, आणि कापलेली बॉडी, बदललेलं इंजिन असं काहीतरी हमखास निघतं. आरटीओच्या परवानगीशिवाय केलेला असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो. नूतनीकरणाच्या दिवशी तो तुमच्याच गळ्यात येतो.

कागद

गाडी पाहायला निघण्याआधी नंबर मागून घ्या आणि एम-परिवहन अॅपवर टाका. मालक कितवा, नोंदणी कधीपर्यंत, विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा, सगळं दिसतं. विकणारा म्हणतो तेच तिथं दिसलं तरच पेट्रोल जाळून जा.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून, गाडी तपासणीला नेऊन, पर्यावरण कर भरून ती वाढवावी लागते. १५ वर्षांवरच्या चारचाकीचं नूतनीकरण शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालं. २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या चारचाकीसाठी ते १०,००० केलं. मुदत संपली की खासगी चारचाकीला दर महिन्याला ५०० रुपये वेगळे चढतात. म्हणजे मुदत संपून चार वर्षं अंगणात उभ्या असलेल्या गाडीवर २४,००० रुपये आधीच बसलेले आहेत. "कागद थोडे मागे आहेत भाऊ, बाकी गाडी एकदम चकाचक," असं कोणी म्हटलं की हा हिशेब त्याच्यासमोर मांडा आणि किमतीतून वजा करा.

मालक वारलेला असेल तर पोराची सही चालत नाही. आधी फॉर्म ३१ वर वारसाच्या नावानं गाडी होते, मग तुमच्या. खेड्यात ही अडचण वारंवार येते: गाडी वडिलांच्या नावावर, भाऊ तीन, एक पुण्याला. सगळ्यांच्या संमतीशिवाय इसार देऊ नका. साध्या विक्रीला फॉर्म २९ आणि ३० लागतात, बोजा असेल तर बँकेच्या पत्रासोबत फॉर्म ३५. सौदा झाल्यापासून ३० दिवसांत बदलीचा अर्ज आरटीओत गेला पाहिजे. आधीच्या मालकानं कोऱ्या फॉर्मवर सही करून ठेवलेली आणि तीन हात बदललेली गाडी कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

सीमेवरच्या जिल्ह्यांत बैतूल, छिंदवाडा, बालाघाट, आदिलाबादकडच्या गाड्या स्वस्तात येतात. दिल्ली भागात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्याही येतात. अशा गाडीला मूळ आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ लागतो, इथला कर नव्यानं भरावा लागतो आणि एमएचचा नंबर घ्यावा लागतो. हा सगळा खर्च मिळवला की स्वस्ताई बहुतेक वेळा उरत नाही. टॅक्सी पासिंगची गाडी असेल तर परमिट सरेंडर करून खासगी करून देण्याचं काम विकणाऱ्याकडे द्या, आणि ते झाल्यावरच पैसे मोकळे करा. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट लागली आहे का तेही पाहा.

आता चासी नंबर. तो मोबाइलच्या फोटोवरून जुळवू नका. कापडानं ग्रीस-माती पुसा, त्यावर पातळ कागद ठेवा आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासा. आरटीओतही अर्जावर अशीच छाप घेतात. कागदावर अक्षरं एका ओळीत, एका खोलीची उमटली पाहिजेत. एखादा आकडा वेगळ्या वळणाचा उमटला, आजूबाजूला ग्राइंडर फिरवल्याच्या रेघा आल्या किंवा नंबरच्या पट्टीभोवती वेल्डिंग दिसलं, तर तिथूनच परत या.

चासी आणि बॉडी

विदर्भाची हवा कोरडी. कोकणातल्यासारखा गंज आपल्याकडे लागत नाही, म्हणून लोक खाली वाकूनच पाहत नाहीत. आपल्या गाड्यांना गंज लागतो तो खतामुळे. पेरणीच्या दिवसांत बोलेरो-सुमोच्या मागच्या सीटा काढून युरिया, डीएपीची पोती वावरात नेलेली असतात. सांडलेलं खत मॅटखाली जातं, ओल धरून ठेवतं आणि पत्रा खालून खात राहतं. त्यात काळी माती चासीच्या पोटात चिकटून बसते आणि पावसाळाभर सुकत नाही.

एक पोतं, हातातली बॅटरी (टॉर्च) आणि लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन गाडीखाली जा. मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगांचे) हँगर, बॉडी चासीवर बसते ते माउंट, मागच्या चाकांवरची कमान आणि मागच्या फरशीची खालची बाजू, इथं स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा. चांगला लोखंडी आवाज खणखणीत येतो. दबका आवाज आला तिथं टोक दाबून पाहा. नुकताच मारलेला काळा जाड अंडरकोट दिसला तर संशय घ्या, खरवडायला परवानगी मागा. वर मॅट उचलायलाच लावा. फरशीला भोक असेल तर पत्रा बदलता येतो, त्याची फार भीती नको. पण चासीच्या मुख्य दांड्याला पट्टी मारलेली असेल, तडा असेल किंवा दांडा वाकलेला असेल तर ती गाडी पार्ट काढण्यापुरतीच.

अपघात ओळखायला एक सुतळी पुरते. चासीवरच्या पुढच्या डाव्या भोकापासून मागच्या उजव्या भोकापर्यंत आणि मग उलट कर्ण, असं मापून घ्या. दोन्ही मापं सारखी यायला हवीत. इंडिकाला वेगळी चासी नसते. तिथं दरवाज्याखालची पट्टी आणि बॉनेटमधले शॉकअपचे वरचे माउंट पाहा.

इंजिन थंडच पाहायचं

जाण्याआधी सांगून ठेवा की गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर आणि रेडिएटरवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा प्या, गप्पा करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी या. डिझेल पेटतं ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असताना कॉम्प्रेशन (हवा दाबण्याची ताकद) गेलेलं इंजिनसुद्धा अर्ध्या सेल्फला लागतं. खरी परीक्षा डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी होते. भाव मात्र पेरणीच्या तोंडावर, हातात पैसा नसताना उतरतात आणि सोयाबीन-कापूस विकल्यावर चढतात. माझं मत विचाराल तर दोन पैसे जास्त द्या, पण थंडीत घ्या.

सुरू करण्याआधी डिपस्टिक काढा. ऑइल काळं असणारच, डिझेलला ते चालतं. दुधाळ नको, डिझेलचा वास नको. रेडिएटरचं झाकण उघडा. गंजाचं लाल पाणी म्हणजे कूलंट कधी टाकलंच नाही, वर तेलाचा तवंग म्हणजे हेड गास्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) गेलं.

मग सेल्फ मारा आणि धूर पाहा. पांढरा धूर थोडा वेळ येऊन गेला तर ठीक. इंजिन गरम झाल्यावरही राहिला तर कॉम्प्रेशन, टायमिंग किंवा नोजल. रेस केल्यावर काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. तुंबलेला एअर फिल्टरही हे करतो. निळा म्हणजे ऑइल जळतंय. सुरू केल्या-केल्या, पाणी थंड असतानाच, रेडिएटरचा वरचा पाइप कडक झाला तर कॉम्प्रेशन पाण्यात शिरतंय.

यानंतरची तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गाडी चालू असताना ऑइल टाकायचं झाकण काढा आणि त्याच तोंडावर उलटं, सैल ठेवा. झाकण हलकं थरथरलं तर उमर झालेल्या इंजिनला तेवढं माफ. नाचायला लागलं, उडून पडलं, तोंडातून भकाभका धूर आला, तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) गेले. मिस्त्री म्हणतात, "कॉम्प्रेशन मारते." अशी गाडीही घेता येते, पण पूर्ण इंजिन कामाचे पैसे किमतीतून कापूनच.

चालवताना तिसऱ्या गिअरमध्ये, कमी वेगात, दाबून ॲक्सिलरेटर द्या. इंजिनचा आवाज वाढला आणि गाडी वाढली नाही तर क्लच संपला. दुसऱ्या गिअरमध्ये चढवून एकदम पाय काढा, गिअर बाहेर उडता कामा नये. पाय काढताना-देताना खालून खट्ट आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (सांधा) गेला. मागून वेगाबरोबर वाढणारी घरघर आली तर क्राउन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधले गिअर), आणि तो खर्च मोठा आहे.

सौद्याबद्दल एवढंच सांगतो: गाडीला जेवढे देता तेवढेच दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता येत असतील तरच घ्या. सगळा पैसा किमतीत गेला की गाडी अंगणात उभी राहते आणि वर सांगितलेले ५०० रुपये सुरू होतात.

घरी आणल्यावर पहिलं काम ब्रेकचं

पोरं आधी म्युझिक सिस्टीम आणि अलॉय पाहतात. कृपा करून आधी थांबण्याची सोय करा. चारही ड्रम-डिस्क उघडा, व्हील सिलिंडर गळतात का पाहा, रबराचे ब्रेक पाइप तडकले असतील तर चारही बदला, जुनं ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवं भरा आणि एअर (पाइपात अडकलेली हवा) काढा. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा व्हॅक्यूम तयार होत नाही. म्हणून ब्रेक बूस्टरसाठी (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यासाठी) वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, या गाड्यांत बहुधा अल्टरनेटरच्या मागे. तो कमजोर झाला की पॅडल कडक होतं. इंजिन बंद करून पॅडल चार-पाच वेळा दाबा, मग पाय दाबून ठेवून इंजिन सुरू करा. पॅडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर पंप, पाइप, बूस्टर या क्रमानं शोधा.

टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी कितीही चांगली असो, आपल्या उन्हात वर्षानुवर्षं उभा राहिलेला टायर वाळून तडकतो, तो बदला.

पाणी: विदर्भात इंजिन इथंच मरतं

खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे अकोला, बुलडाणा, अमरावतीच्या पूर्णाकाठच्या गावांत बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये टाकणं म्हणजे इंजिनचा घास घेणं. बाकी विदर्भातही बोअरचं पाणी जडच. क्षार नळ्यांत बसतात, आणि उन्हाळ्यात एसी लावून चढ चढताना काटा लाल होतो. हेड वाकतं ते अशा दिवशी.

रेडिएटर काढून चांगल्या रेडिएटरवाल्याकडे न्या. जुना पितळी-तांब्याचा असेल तर टाकी उघडून नळ्यांत रॉड मारता येतात. ॲल्युमिनियमचा प्लास्टिक टाकीवाला असेल आणि जाम असेल तर नवाच घ्या. इंजिन ब्लॉक नळीच्या पाण्यानं, स्वच्छ पाणी येईस्तोवर धुवा. वॉटर पंप हातानं हलवून पाहा, पाइप आणि क्लिपा सगळ्या नव्या. मग डिस्टिल्ड पाण्यात कूलंट, कंपनीच्या डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात.

थर्मोस्टॅट काढून फेकायची आपल्याकडे सवय पडली आहे. "गरम होते ना, काढून टाकू." असं करू देऊ नका. त्याशिवाय इंजिन योग्य तापमानाला लवकर येत नाही, रिंगा झिजतात, डिझेल जास्त जातं, आणि मूळ आजार झाकला जातो. पातेल्यात पाणी तापवून त्यात थर्मोस्टॅट टाका. पाणी उकळायच्या आधी तो उघडला पाहिजे आणि थंड होताना बंद झाला पाहिजे. नाही झाला तर नवा बसवा.

डिझेलची लाइन

वर्षभर उभी गाडी असेल तर जुन्या डिझेलवर सुरूच करू नका. टाकी उतरवा, तळाचं पाणी आणि चिखल काढा. ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये ठेवलेलं डिझेल गाडीत ओतायची पद्धत बंद करा. ड्रममध्ये पाणी धरतं आणि त्या पाण्यानं डिझेल पंपाचं वंगण तुटतं. फिल्टर बदला, रबरी पाइप बदला. कित्येक गाड्या "पंप गेला" म्हणून उघडल्या जातात आणि दोष निघतो तो पाइपातून हवा ओढण्याचा.

एअर अशी काढा: टाकीत पुरेसं डिझेल ठेवा, फिल्टरवरचा ब्लीडर बोल्ट थोडा सैल करा, हँड प्रायमर (डिझेल लाइनचा हातपंप) मारत राहा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार आली की दाबत असतानाच बोल्ट आवळा. तरीही लागली नाही तर नोजलकडच्या पाइपांचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारा, डिझेल ठिबकायला लागलं की एक-एक आवळा.

कोणता सिलिंडर काम करत नाही हेही याच नटांवरून कळतं. गाडी आयडलवर ठेवा, चष्मा आणि हातमोजे घाला, एका वेळी एकच नट थोडा सैल करा. इंजिन अडखळलं तर तो सिलिंडर चांगला. काहीच फरक पडला नाही तर आजार त्याच सिलिंडरचा, नोजलचा किंवा कॉम्प्रेशनचा. फवाऱ्यासमोर हात किंवा तोंड कधीच नेऊ नका. नोजलच्या दाबानं डिझेल कातडीखाली शिरतं. बाहेरून टोचल्याएवढी खूण दिसते, पण आत बोट सडू शकतं. असं झालं तर लगेच सर्जन गाठा.

पंप आणि नोजल टेस्ट बेंच असलेल्या पंपवाल्याकडेच द्या. पंप काढण्याआधी त्याच्या आणि इंजिनच्या फ्लँजवर पंचनं एकच खूण मारा, म्हणजे टायमिंग परत तिथंच बसेल. सील केलेला स्क्रू फिरवून "पिकअप" वाढवून देतो म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका. पिकअपसोबत काळा धूर आणि तापलेले पिस्टनही येतात.

इंडिकाचं नाजूक ठिकाण म्हणजे टायमिंग बेल्ट. तो तुटला की वाल्व पिस्टनवर आदळतात आणि हेडचं काम निघतं. विकणारा काहीही म्हणो, घरी आणल्यावर बेल्ट आणि टेन्शनर दोन्ही नवे टाका.

इंजिन उघडायचं की नाही

पाणी, डिझेल आणि फिल्टर नीट केल्यावर महिनाभर चालवा. त्यानंतरही ऑइल कमी होत असेल, झाकण नाचत असेल, तरच उघडा. नुसत्या रिंगा टाकून काम भागवा असं सुचवणारे भेटतील. बोअर मापल्याशिवाय ते मान्य करू नका. लेथवाल्याला प्रत्येक बोअर वर, मध्ये, खाली आणि आडवा-उभा मापायला सांगा आणि आकडे वहीत लिहून घ्या. बोअर लंबगोल झाला असेल तर नव्या रिंगा फार दिवस टिकत नाहीत.

क्रँक मापून घ्या, हेड फेसिंगआधी वाकलंय का पट्टी लावून पाहा. हेड गास्केट जाडीनुसार येतं आणि कडेच्या खाचांवरून ओळखू येतं. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मापूनच निवडायचं. हेडचे बोल्ट टॉर्क पान्यानंच, मॅन्युअलच्या क्रमानं. हातच्या अंदाजानं आवळणारा मिस्त्री कितीही नावाजलेला असला तरी पाना तुम्ही घेऊन जा. आणि रिकाम्या डब्यांवर विश्वास ठेवू नका: पिस्टन, बेअरिंग, गास्केट तुमच्यासमोर डब्यातून निघून बसले पाहिजेत.

वायरिंगमध्ये आधी उंदरांनी कुरतडलेलं शोधा, मग इंजिन ते बॉडी अर्थची वायर नवी टाका. निम्मे सेल्फचे त्रास तिथंच संपतात. डेंटिंग-पेंटिंग सगळ्यात शेवटी, पावसाळा सोडून.

बांधलेलं इंजिन पहिले १,००० किलोमीटर ना दामटायचं, ना तासन्‌तास आयडलवर ठेवायचं. मध्यम वेगात, वेग बदलत चालवा, नंतर ऑइल-फिल्टर बदला आणि मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तर हेडचे बोल्ट पुन्हा तपासा. सगळं झाल्यावर एका सकाळी परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढा. वर जाईपर्यंत काट्यावर लक्ष ठेवा, उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. खाली आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या: एखादं बाकीच्यांपेक्षा फार तापलं असेल तर त्या चाकाचा ब्रेक अडकतोय. तो त्याच दिवशी उघडा. समृद्धीवर मात्र ही गाडी नेऊ नका. १२० च्या रहदारीत जुन्या टायर-ब्रेकच्या गाडीचं तिथं काम नाही.